औषध नाकातून कमी, कातडीतून जास्त

सप्टेंबर लागला की सावनेर, काटोल, नरखेडकडे वावरावावरांत फवारणीचे पंप सुरू होतात. कीटकनाशकाला आपल्याकडे ‘औषध’च म्हणतात, अर्धा घोटाळा त्या शब्दातच आहे. काळजी घेणारा माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळतो आणि निर्धास्त होतो. पण फवारताना अंगात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा कातडीतून जातो. दुपट्टा भिजला, की विषाचं ओलं फडकं तासन्‌तास तोंडाला बांधून ठेवल्यासारखंच.

कातडीही सगळीकडे सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या जुन्या मोजणीत मनगट-कोपराच्या मधल्या कातडीतून सुमारे ९ टक्के विष आत गेलं, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. आता पंपाच्या झाकणाचा वायसर गेलाय, पाणी पाठीवरून ओघळत कंबरेत आणि तिथून चड्डीत उतरतंय, असा माणूस डोळ्यांसमोर आणा. म्हणून आधी पंपात नुसतं पाणी भरून दाब द्या, पाठीवर घ्या आणि पाठ कोरडी राहते का ते बघा. गळका पंप वावरात न्यायचाच नाही.

खरा धोका पंपापेक्षा बाटलीत. प्रोफेनोफॉस ५० ई.सी. हे कीटकनाशक (ई.सी. म्हणजे पाण्यात मिसळायचं तेलकट, दाट औषध) लिटरला २ मिली धरलं, तर १५ लिटरच्या पंपात ३० मिली जातं आणि द्रावण ०.१ टक्का होतं. बाटलीत तेच ५० टक्के, म्हणजे पाचशे पट. बाटली ओतताना बोटांवर पडलेला एक मिली हा पंपातल्या अर्ध्या लिटरइतका. आणि नेमकं तेव्हाच हात उघडे असतात! हातमोजे नायट्राइलचे हवेत. कापडी मोजे औषध पिऊन धरतात. पुढे प्लास्टिकचा ॲप्रन, डोळ्यांना चष्मा. पंप अर्धा पाण्यानं भरा, औषध मापानं घाला, मग उरलेलं पाणी. बाटलीचं झाकण हे माप नव्हे. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, नंतर बाटलीला भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी तेल भरणार नाही.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेखाली असेल तर बाही मोज्यावरून घ्या. डोक्याएवढी झाली आणि नळी वर धरावी लागली, तर उलट: मोजा बाहीवरून, काठ दुमडून, नाहीतर ओघळ सरळ काखेत जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं विसाहून जास्त माणसं गेली, तेव्हा कपाशी अशीच डोक्यावर गेलेली होती आणि एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती.

वारा आडवा घ्या. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना दातांचा ब्रश खिशात ठेवा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मात्र खिशातही नको. औषधाच्या हातानं घोटलेला खर्रा म्हणजे विष स्वतःच जिभेखाली ठेवणं.

हे विष अंगात साचतं असं लोक म्हणतात. तसं नाही, साचतो तो त्याचा परिणाम. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं कोलिनेस्टरेज नावाचं, नसांचे संदेश वेळेवर थांबवणारं विकर बंद पाडतात आणि रक्तपेशींतलं हे विकर दिवसाला जेमतेम एक टक्का भरून येतं. म्हणून रोजंदारीवर सलग दहा दिवस फवारणारा मजूर पहिल्या दिवशी ठणठणीत आणि नवव्या दिवशी आडवा. दर दोन दिवसांनी माणूस बदला. मजुरी तेवढीच लागते.

ऑक्टोबरच्या तापात कुणी घामाघूम होऊन बसला, की ‘ऊन लागलं’ म्हणतात. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तोंडातून लाळ गळते, छाती घरघरते, स्नायू फडफडतात, तर ऊन नाही. मोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग-केस साबणानं धुवा, कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका आणि ओकारी काढू नका, ई.सी. औषधातलं तेलकट द्रावक फुप्फुसात गेलं तर वेगळाच जीवघेणा प्रकार होतो. आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा मेयो ही मोठी रुग्णालयं त्यानंतर.

सोबत बाटली न्या, मिसळली असतील तितक्या सगळ्या. ॲट्रोपिन हा उतारा ऑर्गॅनोफॉस्फरसवर चालतो. डायफेन्थियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर उतारा नाही, तिथे नुसती लक्षणं सांभाळावी लागतात. लेबल फाटलं असेल तर दुकानाची पावती घ्या.