वाळलेलं झाड उभं का ठेवता?

हिवाळ्यात सातपुड्यातल्या पाल गावाकडे भरीत पार्टीला पाहुणे आले की कोणी ना कोणी मला बाजूला घेतंच. "दादा, तुम्ही वनखात्यात होते ना? जंगलात एवढं लाकूड पडून कुजतंय, वाळकी झाडं तशीच उभी आहेत. ते नेऊ का देत नाहीत? वाया जातंय नुसतं." यंदाही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगतो.

वाया जातंय असं मलाही वाटायचं. नोकरीच्या सुरुवातीला एका नाल्याकाठची वाळकी झाडं काढायला मी उभा राहिलो होतो. एक सालई आडवी झाली आणि तिच्या ढोलीतून पोपटाची पिल्लं बाहेर पडली, अंगावर पुरती पिसंही नसलेली. मजूर गप्प झाले. मीही. त्या दिवसापासून ढोली दिसली की आधी खोडावर काठीने टकटक करायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही.

जंगल झाडून-पुसून ठेवायचं, ही कल्पना आपल्याकडे बरीचशी जर्मनीहून आली. 1864 मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डिट्रिख ब्रँडिस मूळचे जर्मनच. तिकडे एकाच जातीची झाडं ओळीत लावायची, आणि मेलेलं लाकूड काय, पाचोळासुद्धा उचलून न्यायचा, अशी पद्धत होती. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचं पहिलं पीक झकास आलं, दुसऱ्या पिढीत मात्र बऱ्याच ठिकाणी वाढ खुंटली. कपाशीवर कपाशी घेणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

थंड प्रदेशातल्या त्याच जंगलांनी पुढे उलटा धडा दिला. फिनलंडमध्ये मोजदाद झाली तेव्हा दिसलं की चार ते पाच हजार जाती, म्हणजे तिथल्या जंगलातल्या एकूण जातींपैकी पाचवा-चौथा हिस्सा, मेलेल्या लाकडावर जगतो. बुरशी, भुंगेरे, सुतारपक्षी. पोलंड-बेलारूसच्या सीमेवरच्या बियावोव्येझा जंगलात तर स्प्रूसला भुंगेऱ्यांची कीड लागली म्हणून पोलंड सरकारने तोड वाढवली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि 2018 मध्ये ती तोड बेकायदा ठरली. मेलेल्या झाडांवरून कोर्टकचेरी! आमच्या गावात सांगितलं तर लोक हसतील.

आता तुम्ही म्हणाल, तिकडचं इकडे कशाला? फरक आहेच. तिकडे ओल आणि थंडी, त्यामुळे पडलेलं खोड बुरशी सावकाश, कित्येक दशकं खात बसते. सातपुड्यात आठ महिने कोरडे, इथलं बरंचसं काम उदई, म्हणजे वाळवी, करते. पण ढोलीचा हिशेब दोन्हीकडे तोच. आपल्या रानपिंगळ्याचंच, या छोट्या घुबडाचंच बघा. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला. 113 वर्षांनी! हा पठ्ठ्या स्वतः घर कोरत नाही. जुन्या झाडाची ढोली मिळाली तरच त्याचं बस्तान बसतं. आपण वाळकं म्हणून जे उतरवतो, ते कधी कधी त्याचं घर असतं.

डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवतो. तिला चूल पेटवायची असते, ती काटक्या वेचते, अख्खं खोड काही उचलून नेत नाही. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आग मात्र हाताबाहेर गेली, की पडलेली लाकडंही जातात आणि नुकतं उगवलेलं रोपही. माझी अर्धी नोकरी हिरव्या फांद्यांनी वणवे झोडपण्यात गेली.

तर तुमच्या भरिताच्या जाळाचं. समोरच्या शेतात कपाशी उपटून पऱ्हाटीचा ढीग घातलाय. शेतकऱ्याला विचारा, तो आनंदाने देईल. वांगी तिच्यावरच खरी भाजतात, आणि वरचा धुरकट वासही तिचाच हवा.