तुम्ही विचारलंत म्हणून: कडेला उभं राहून दमता कशाने?

"खेळतात पोरं, तू कडेला उभी. मग दमतेस कशाने?" पुण्याहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. मी अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी; जिममधली ट्रेनर नव्हे, हे आता पुन्हा सांगत नाही.

तास लांबतातच. दुपारी दोनला घोटे टेप करायला बसायचं, रात्री दहाला बर्फाची शेवटची पिशवी बांधून नोंदी लिहायच्या. पूर्वी मीही तासांवरच खापर फोडायचे. आता वाटतं, तास सोसतात. वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात असणं सोसत नाही.

उष्माघात घ्या. आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर, पोरगं बरळतंय. ताप गुदद्वारातूनच मोजायचा; काखेतला, कपाळावरचा आकडा फसवतो. मग बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत. छातीवरून काखांखालून चादर घेऊन एकाने मागून धरायचं, म्हणजे डोकं पाण्यावर राहतं. पाणी ढवळत राहायचं, नाहीतर अंगाभोवती कोमट थर धरतो. १०२ला बाहेर. हे सगळं अर्ध्या तासात. ॲम्ब्युलन्स दारात आली तरी आधी थंड करायचं, मग हलवायचं. त्यासाठी टब सरावाआधीच भरलेला हवा, बर्फ शेजारी. आणि सराव कुठे, किती वाजता, हे ठरवतो कोच.

२९ मे २०१८ला मेरीलँड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची सरावाची जागा ऐन वेळी बदलली. नव्या जागी थंड करायची पुरेशी सोय नव्हती. १९ वर्षांच्या जॉर्डन मॅकनेअरचा ताप मोजला गेला नाही, त्याला टबातही ठेवलं नाही. ॲम्ब्युलन्स तासाभराने बोलावली. १३ जूनला तो गेला. ट्रेनर लोकांच्या चुका मी झाकणार नाही. टब नसला तरी थर्मामीटर लावता येतो. पण "आज दुसऱ्या ग्राउंडवर" असा मेसेज पडला की मला अजून टबच आठवतो.

डोक्याला मार बसल्यावर तसंच. खेळात परतायच्या सहा पायऱ्या, प्रत्येकीला किमान २४ तास. नाही म्हणायचा अधिकार कागदावर आमचा. कोच ओरडत नाही हो, दिवसातून चारदा नुसतं विचारतो, "कसा आहे आता?"

"मग सोड की!" हे तुमचं पुढचं वाक्य. क्लिनिकमध्ये तास ठरलेले असतात, तिकडे जाणारे जातात. मी गेले तर टब कोण भरणार, याची काळजी मीच का करायची, हे मात्र मलाही सांगता येत नाही.