पांढरीतला चर

पाणीपुरवठ्याच्या कामावर माझी नोकरी म्हणजे चराची खोली मोजायची आणि जेसीबीवाल्याशी हुज्जत घालायची. मार्चमधली गोष्ट. शिरपूर-शहाद्याच्या पट्ट्यातलं, तापीकाठचं गाव. नाव लिहीत नाही. गुप्तधनाचा हंडा शोधणारे एकदा येऊन गेलेत, तेवढे पुरे.

90 मिलीमीटरची लाईन, मीटरभर खोल चर. गावठाणाच्या उतारावर बकेट खटकन अडकलं. मी तेव्हा पाइपांच्या गाडीसाठी फोनवर भांडत होतो. ऑपरेटरने खडक समजून चार दणके दिले, दगड ट्रॉलीत भरले. मी पोचेपर्यंत हातभर भिंत गेली होती. लक्ष माझं नव्हतं, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

दोन्ही अंगांना काळे घडीव दगड, मध्ये गोटे आणि मातीची भर. टेप लावला तर 1 मीटर 70 रुंदी. घराला एवढी भिंत कोण घालतं?

ओट्यावरचे आप्पा काठी टेकत आले. “भाऊ, खडक नई शे तो. गावकूस शे. आठेच सुरत वेस व्हती.”

सुरत वेस! बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा जुना रस्ता याच खोऱ्यातला. तापी शेवटी सुरतेलाच जाते, पण आमच्याकडे तिच्या पात्रात इतके खडक की माल रस्त्यानेच जायचा. तिकडे सुरतेच्या बंदरातही मोठी जहाजं शिरत नसत, समुद्रकाठच्या सुवाळीला नांगर टाकून थांबत. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सुरत लुटल्यावर तिथे पक्का कोट बांधायला घेतला, पुढे त्याबाहेर आणखी एक. आतला शहरपनाह, बाहेरचा आलमपनाह. इथे धास्ती पेंढाऱ्यांची. 1802 च्या सुमारास होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या आणि मागोमाग दुष्काळ पडला, ते आप्पा अजून काल घडल्यासारखं सांगतात. हे कूस तेव्हाचं की आधीचं, ते मी ठरवणारा कोण.

मला धरून ठेवलं ते भिंतीखालच्या मातीने. चराची कड फावड्याने तासून घेतली. वर गुटख्याच्या पुड्या आणि सिमेंट. मग चुन्याचा चुरा, पातळ विटांचे तुकडे. मग भिंतीचा पाया, त्याखाली बोटभर राखेचा पट्टा, आणि राखेच्याही खाली खापरं. एक तळहाताएवढं उचललं, पाण्याच्या बाटलीने धुतलं. तांबडं, त्यावर काळ्या रंगाची जाळी, रेघा दोऱ्यासारख्या बारीक. टेपच्या आकड्याने टिचकी मारली तर काशाच्या वाटीसारखं वाजलं. इथून जवळच प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी 1955 मध्ये टेकाड खोदलं. तिथेही तळाच्या थरांत काळ्या नक्षीची तांबडी खापरं निघाली, तीन हजार वर्षांपलीकडची. माझ्या हातातलं त्याच घराण्यातलं का, ते जाणकारांनी बघावं. मी ते पिशवीत घालून खोली लिहिली.

तोवर ‘हंडा निघाला’ गावभर झालं होतं. पोरं, म्हातारे, शेजारच्या गावचा एक मांत्रिकसुद्धा. तलाठीआप्पांनी गर्दीला 1878 चा निखात निधीचा कायदा ऐकवला: जमिनीतून निघालेल्या वस्तूंची किंमत दहा रुपयांवर असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. गर्दीतून एकाने खापराची किंमत विचारली. तलाठीआप्पा काहीच बोलले नाहीत, पंचनामा मात्र केला.

ओट्यावरच्या आप्पांच्या घरच्या अक्कांना या सगळ्याचं काडीचं नवल नव्हतं. “मन्हा धाबावर बी तीच माटी शे,” म्हणाल्या आणि मला शिडीवर चढवलं. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी टाकायची, ती पाणी खाली उतरू देत नाही म्हणून. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचीच माती. पिढ्यान् पिढ्या टेकाड खणून घमेल्यांनी घरांवर चढवलेलं. माझ्या बुटाखाली खापराच्या बारीक कपच्या करकरत होत्या. चरात सर्वांत खाली सापडलेलं इथे सर्वांत वर होतं.

भिंतीपाशी लाईन दोन बेंड टाकून गल्लीतून वळवली. मोजमाप वहीत मऊ माती, मुरूम आणि खडक एवढेच रकाने. पांढरी मी मऊ मातीत धरली. फुटलेले दगड ट्रॉलीतून उतरवून भिंतीच्या कडेला रचले. खालची माती ट्रॉलीत तशीच होती. संध्याकाळी अक्कांनी दोन पोरांना घमेली घेऊन पाठवलं.

मी अडवलं नाही. खापरं तेवढी वेचून घ्यायला सांगितली.