"मॅडम, मी भास्करच्या बाजूने लिहितो"

नागपुरात अकरावीला मराठी शिकवते मी. दिवाळीनंतर मुलांना एक काम देते. एक पुस्तक निवडायचं आणि त्यावर असा निबंध लिहायचा की वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं पटलं पाहिजे. परिचय नको, कथासार नको, "हे पुस्तक मला फार आवडले" तर अजिबात नको. मुलांना वाटतं लिहिणंच अवघड आहे, पण माझं मत असं की अर्धा निबंध पुस्तक निवडतानाच ठरतो, तिथे गडबड झाली की पुढे भाषा कितीही छान असली तरी काही होत नाही.

यंदा पुस्तकाचं नाव सांगायचा दिवस अधिवेशनात आला, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद, मोर्चे, त्यामुळे पहिल्या तासाला वर्ग अर्धाच. हजेरी घेतली आणि एकेकाला विचारत गेले. मृत्युंजय. मृत्युंजय. श्यामची आई. मृत्युंजय. मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्याने सांगितलं की मॅडम जाड पुस्तक घेतलं की मार्क जास्त पडतात, सगळे हसले, पण तो मनापासून सांगत होता आणि बऱ्याच जणांचा तोच हिशोब असतो.

मी एकच विचारलं, तुझं म्हणणं काय? कर्णावर अन्याय झाला. बरं, आणि वर्गात कोण म्हणतो की नाही झाला? एकही हात वर नाही. मग पटवणार कोणाला? ज्या गोष्टीला सगळे आधीच मान हलवतात तिथे पटवायला काही उरतच नाही, नुसती आरती होते. मृत्युंजयमध्ये काही कमी आहे असं नाही, १९६७ पासून लोक ती कादंबरी वाचतायत ते उगाच नाही, पण प्रश्न असा शोधायला हवा ज्याची दोन उत्तरं निघतात. भर सभेत द्रौपदीचा अपमान झाला तेव्हा कर्ण ज्या बाजूला होता, ते अन्यायाच्या कारणाने माफ करायचं का? हे विचारलं आणि तीन-चार जण एकदम बोलायला लागले. श्यामची आईवालीनेही मग स्वतःच सांगितलं की पोहायला जात नाही म्हणून आईने श्यामला शिंपटीने मारलं ते बरोबर होतं का, ह्यावर लिहिते. मस्त, म्हटलं, तुझ्या घरातच दोन पार्ट्या पडतील बघ.

उमरेडकडून बसने येणारा एक मुलगा मात्र गप्पच. मधल्या सुट्टीत लायब्ररीत आला, म्हणाला, "मॅडम, मले काही सुचून नाही राह्यलं, तुम्हीच द्या एखादं." मी कपाट उघडून दिलं आणि म्हटलं तूच काढ. त्याने सगळ्यात बारीक पुस्तक काढलं, वाडा चिरेबंदी. नाटक आहे हे त्याला घरी गेल्यावर कळलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. महेश एलकुंचवार आपल्या नागपूरचेच, नाटक १९८५ मध्ये विजया मेहतांनी स्टेजवर आणलं. विदर्भातल्या खेड्यातला देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेत, थोरला भास्कर गावातच राहिलेला, त्याच्याहून धाकटा सुधीर मुंबईहून बायको-पोराला घेऊन आलेला, दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय, पैसा संपलाय आणि तरी गावाला तेरवीचं जेवण घालायचंय. खर्च कोणी करायचा ह्यावरून भावांमध्ये जे होतं ते ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वाचताना बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच तो स्टाफरूमच्या दारात उभा. म्हणाला, हे तर आमच्याच घरचं आहे जी. मागच्या वर्षी त्याचे आजोबा गेले, वडील गावात शेती करतात, काका पुण्यात. वडिलांनी कर्ज काढून तेरवी केली आणि काका सगळ्यांसमोर म्हणाले, काहून केलं, काय गरज होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

मला वाटलं आता हा तेरवीच्या विरोधात लिहिणार. मी मनातल्या मनात मुद्देसुद्धा काढून ठेवले होते, खोटी प्रतिष्ठा वगैरे. तर म्हणतो, "मॅडम, मी भास्करच्या बाजूने लिहितो." त्याचं म्हणणं असं की जो सोडून गेला त्याला गाव दोन दिवसांचं असतं, जो राहिला त्याला रोज त्याच लोकांसमोरून जायचं असतं, म्हणून तेरवीचा हिशोब दोघांसाठी एक असूच शकत नाही.

मला ते पटत नाही, आजही नाही, कर्ज काढून जेवणावळ घालणं मला चूकच वाटतं आणि विदर्भात राहून कर्जाचं काय होतं ते मी सांगायची गरज नाही. पण वाक्य ऐकून मी थांबले. असं म्हणणं ज्याच्याकडे आहे त्याला पुस्तक सापडलंय.

फक्त एक अट घातली. सुधीर जिथे बरोबर आहे ती जागा नाटकातून शोधून आण आणि ती तुझ्या निबंधात पूर्ण ताकदीने लिही, अर्धवट नाही. तो चिडलाच. "मग माझं काय राहील?" म्हटलं जे राहील तेच तुझं. समोरच्याचं सगळ्यात मजबूत म्हणणं तू स्वतः मांडलंस तरच तो तुझं पुढचं वाचेल, नाहीतर पहिल्या पॅऱ्यातच कागद बाजूला ठेवेल. बारीक पुस्तकाचा इथे फायदा झाला, त्याने ते पुन्हापुन्हा वाचलं, जाडजूड कादंबरीत आठवडाभरात हे होत नाही. मग आला तो सुधीरचा प्रश्न घेऊन. मुंबईत सुधीरचंही काही सोनं उगवत नाही, तिथली ओढाताण इथे कोणाला दिसत नाही आणि तरी घर म्हणतं तू पैसेवाला. हे लिहिताना त्याने काकाच्या पुण्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांबद्दल पहिल्यांदा विचार केला असं त्यानेच मला सांगितलं.

वर्गात त्याने वाचून दाखवलं तेव्हा जे भांडण झालं, बाजूच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. एक मुलगी उभी राहून म्हणाली, तुझ्या ह्या दोन भावांच्या हिशोबात घरातल्या बायकांना कोणी विचारलंय का, त्यांची बहीण प्रभा कुठे आहे तुझ्या निबंधात? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तिथल्या तिथे बसून त्याने समासात काहीतरी लिहून घेतलं.

तास संपल्यावर हळूच विचारलं, "मॅडम, काकाले पाठवू का? तो सुधीरचा पॅरा काढून?" मी म्हटलं पाठव, पण तो पॅरा काढला तर पाठवूच नको. त्याने प्रभाचं लिहून झालं की पाठवतो म्हटलंय. आणि त्या मुलीला आता ह्याच नाटकाचा पुढचा भाग, मग्न तळ्याकाठी, हवाय, त्या घराचं पुढे काय झालं ते बघून मगच ती त्याच्या विरुद्ध निबंध लिहिणार आहे. आमच्या लायब्ररीत नाहीये तो, शनिवारी बर्डीच्या बाजारात जाऊन बघते, नाहीच मिळाला तर माझी कॉपी देईन.