‘ङ’वरून नाव, आणि मग दाखला

आमची लेक २०२५ च्या जूनमध्ये, ज्येष्ठ अमावास्या दुपारी सरली त्या रात्री, फलटणला झाली. बायकोचं माहेर तिथलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं यावर दोन्ही घरांत दुमत नव्हतं. माझे वडील, म्हणजे आबा, त्या रात्री वाल्ह्यात होते, माउलींच्या पालखीबरोबर, आमच्या गावच्या दिंडीत. फोन लावला तर भजनाच्या गलक्यातून आधी "कोण बोलतंय?" आणि मग "रामकृष्ण हरी" एवढंच ऐकू आलं.

सकाळ होताच आईने सोयराचा विषय काढला. मुलगी झाली म्हणजे आम्हा भावकीला दहा दिवस सोयर. ते आबांनाही लागू, मग ते वाल्ह्यात असोत की नीरेच्या काठावर. "पालखीला हात लावू नका म्हणावं त्यांना," असं तिने मला सांगितलं, जसं काही मीच त्यांचा वीणेकरी. आबांचं उत्तर मला आजही आवडतं. म्हणाले, "चालायला सोयर आड येत नाही. पादुकांना हात लावणार नाही, लांबून नमस्कार करीन. पंढरीला पोचेपर्यंत फिटतंय." त्यांनी गणित आधीच करून ठेवलं होतं. नियम पाळायचा आणि पायही थांबवायचे नाहीत. घरात एवढी वर्षं राहून त्यांची ही बाजू मला नीट दिसली नव्हती.

पालखी फलटणला मुक्कामी आली तेव्हा ते नात बघायला आले. दारातच उभे राहिले, पायांना फोड आलेले, आणि बाळाकडे बघून सासूबाईंना म्हणाले, "झोपू द्या, मी फक्त तोंड बघायला आलोय." चहाही उभ्यानेच घेतला.

पाचवीच्या रात्री सासूबाईंनी पाटापूजन केलं आणि सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिचं लिहून झालं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तेच पेन मी खिशात टाकलं. पुढे दवाखान्यातला जन्माचा फॉर्म त्यानेच भरला.

नावाचा घोळ गुरुजींपासून सुरू झाला. आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण. आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ, छ. तिसऱ्या चरणाला आलं ङ. आईने गुरुजींना दोनदा विचारलं. ङवरून मराठीत एक तरी नाव असेल तर कुणीतरी सांगावं, मी त्याला घुगऱ्या खाऊ घालीन. गुरुजींनी शांतपणे सांगितलं की नक्षत्र तेच धरा आणि त्यातलं चालणारं अक्षर घ्या. तसं पत्रिकेसाठी नावरस नाव ठरलं कुमुदिनी, आईच्या पसंतीचं. हाक मारायचं नाव मात्र बायकोने सातव्या महिन्यातच ठरवून ठेवलं होतं: ज्ञानदा. आबांना वाटतं ते माउलींवरून ठेवलंय. बायकोला ते नुसतंच आवडलं होतं. दोघंही खूश आहेत, मी मध्ये पडलेलो नाही.

बारसं बाराव्या दिवशी, आणि हिशेब केला तर बारावा दिवस नेमका आषाढी एकादशी! घरात सगळ्यांना उपास. घुगऱ्या कोण खाणार? साबुदाण्याच्या खिचडीवर बारसं उरकावं असा एक प्रस्ताव माझ्या मेव्हण्याने मांडला, तो सर्वानुमते फेटाळला गेला. शेवटी द्वादशीला करायचं ठरलं, उपासही सुटतो आणि आबाही येतात. ते पहाटे पंढरपुराहून निघाले, एसटीला तोबा गर्दी, दुपारी बुक्का लावलेल्या कपाळाने दारात हजर. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, ताईने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात कुर्रर्र केलं आणि पाठीत बुक्के खाल्ले. घरातलं नाव असं एका दुपारी ठेवून झालं.

सरकारी नावाला वेळ लागला. ज्यांना लवकरच हे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आम्ही राहतो मोशीत, पण नोंद फलटणची. दवाखान्यात जन्म झाला तर एकवीस दिवसांच्या आत कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, पण त्या फॉर्मवरचं प्रत्येक अक्षर आपण वाचून सही करावी. नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवता येतो. वर्षभरात नाव घातलं तर शुल्क नाही. त्यानंतर जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांना हे सांगतो, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो.

फॉर्ममध्ये धर्माचाही रकाना असतो. तो फक्त आकडेवारीसाठी, दाखल्यावर छापत नाहीत. वाल्ह्यात लांबून केलेला नमस्कार, सटवाईचा कागद आणि ङचा वाद, या सगळ्यापोटी मी तिथे एक शब्द लिहिला आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

अडचण वेगळीकडेच निघाली. दवाखान्यात दाखल करताना सासूबाईंनी लेकीचं लग्नानंतरचं नाव सांगितलं होतं, तेच कागदोपत्री गेलं. बायकोच्या आधारवर मात्र अजून माहेरचं नाव आहे आणि ते बदलायचा तिचा विचारही नाही. आधार आणि दाखला जुळत नाही म्हटल्यावर पुढचं सगळं अडणार. मग दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, तिच्या आणि माझ्या आधारच्या प्रती. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची असते, हा चाकणवाल्यांचा खरा फायदा, सरकारी ऑफिसं चालू असतात. सेकंड शिफ्ट करून पहाटे गाडी धरायची, काम करायचं, बाळाला बघायचं आणि रात्री परत.

मी वैतागून बोललो तेव्हा आबा हसले. "माउलींना अन् भावंडांना शुद्धिपत्र आणायला आळंदीहून पैठणला जावं लागलं. चालत. तुला फलटणला एसटी आहे."

नोंदणी कक्षातल्या बाईंनी मला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. मूळ नोंद खोडत नाहीत, तिच्यावर काही गिरवतही नाहीत. समासात दुरुस्ती लिहितात आणि तिथे निबंधकाची सही होते. म्हणजे सासूबाईंनी काय सांगितलं होतं हेही रजिस्टरमध्ये कायमचं राहिलं. मला ही पद्धत फार सभ्य वाटली.

नाव घालताना इंग्रजी स्पेलिंगचा कागद घरूनच लिहून न्या. आम्ही ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय असं ठरवलं होतं. खिडकीसमोर उभं राहून ठरवायची ती गोष्ट नाही. शिवाय मे २०२४ पासून राज्यात मुलाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे, तो घरच्यांच्या कानावर आधीच घाला. आई जरा कुरकुरली. "आमच्या वेळी नव्हतं असलं." त्यावर आबांनी टाळ ठेवता ठेवता विचारलं, "माउलींच्या आईचं नाव माहीत नाही असा एक वारकरी दाखव." विषय संपला.

दाखला हातात आला तोवर बायको आणि बाळ मोशीला आली होती. आमच्या दिवसाला आता आकार असा उरलेला नाही. आबा सहा वाजता हरिपाठाला बसत, घड्याळ लावावं असे. माझा हरिपाठ शिफ्टप्रमाणे होतो, कधी रात्री बाराला, ज्ञानदाला खांद्यावर टाकून. ती माझ्या गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरते आणि तोंडात घालते. आईला हे कळलं तर काय म्हणेल म्हणून फोटो पाठवले नाहीत. आबांना कळलंय, ते म्हणाले, मणी घट्ट ओवलेत का बघ, घशात जायचा.

बाल आधारसाठी पोस्टात गेलो. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे, डोळ्यांचे बुबुळ काही घेत नाहीत. फक्त फोटो, आणि आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडणी. माझे ठसे मशीन घेईना. ग्राइंडिंगच्या कामात बोटं गुळगुळीत झालीत. दोन्ही हात पुसून, चोळून, फुंकर मारून झालं, शेवटी बायकोने बोट टेकवलं आणि लगेच लागलं. मग फोटो. बाळाचे डोळे उघडे हवेत, आणि आमचं बाळ रिक्षातच झोपलेलं. मागे रांग. बायकोने तळपायाला गुदगुल्या केल्या, पोस्टातल्या ताईंनी टाळी वाजवली, मी विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागलो, अर्धी रांग माझ्याबरोबर म्हणायला लागली. तिने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. कार्डावर तोच फोटो आहे. पाचव्या वर्षी ठसे आणि नवा फोटो द्यायला जावंच लागेल, तोपर्यंत हाच.

रेशनकार्डावर नाव चढवायचं अजून राहिलंय. ते कार्ड गावच्या पत्त्यावर, आबांच्या नावाने आहे. दाखल्याची प्रत मी त्यांच्याकडे पाठवली. सोमवारी तहसीलला जाऊन येतो म्हणालेत, एकादशी नसली तर.