आमची ऋणे

गुरुवार, रात्री अकरा

आजही हे त्याच ओळीपाशी गप्प झाले.

साडेसातला चटई पडली, दोन गीतं झाली, आईंनी भिंग धरून वाचन केलं. शेवटी डोळे मिटून सगळ्यांची मिळून प्रभूची प्रार्थना. ‘आमची रोजची भाकर’ इथपर्यंत पाच आवाज. पुढे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ याला चारच. ‘परीक्षेत आणू नको’ला परत पाच. तिथे थोरला जरा जास्तच जोर लावतो, मार्चमध्ये त्याची दहावी आहे.

आमचा ऋणी कोण ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊजी. ह्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी टेम्पो घेतला, नेप्तीच्या मार्केटला कांदा वाहायला. पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज, जामीनदार हे. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहणाऱ्याची चांगली कानउघाडणी आहे. सही करायच्या दिवशी तो अध्याय कुणाला आठवला नाही. मलाही नाही, पेढे मीच वाटले होते. पहिलं वर्ष हप्ते गेले, मग टेम्पो ठोकला, मग विकला, मग फोन बंद. भाऊजी आता पुण्याकडे कुठेतरी गाडी चालवतात म्हणे.

थोरल्याच्या इंग्रजी शाळेत हीच प्रार्थना इंग्रजीतून म्हणतात आणि त्यात ‘ट्रेसपासेस’ असा शब्द आहे. माझी वसईची मैत्रीण कॅथलिक, ती ‘अपराध’ म्हणते. अपराध म्हटलं की कसं, कुणाचाही कसलाही, हवेत सोडून देता येतो. आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानातला शब्द आहे तसा, ऋण. मूळ ग्रीकमध्येही देणं असाच अर्थ आहे, असं पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं. लूकने आपल्या शुभवर्तमानात ‘पापे’ लिहून जरा सैल सोडलं म्हणावं, तर त्याच वाक्यात पुढे ‘ऋणी’ आहेच. सुटका नाही.

शनिवार

ह्यांच्या शाळेला पत्र आलं. सहकार कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला झालाच होता, आता या महिन्यापासून ह्यांच्या पगारातून दरमहा साडेसहा हजार कापणार. हेडक्लार्कने पत्राची झेरॉक्स हातात देताना ‘सर, वाईट वाटतं’ म्हटलं, आणि स्टाफरूममध्ये पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी उपासनेला बसायची कुणाचीच इच्छा नव्हती. हे म्हणाले, डोकं दुखतंय. धाकटी म्हणाली, मग आज सुट्टी? आईंनी काही न बोलता चटई अंथरली. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनची सवय आहे ही. मिशनच्या आवारातल्या दोन खोल्या, कंदील, आणि टाळावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. नगरात अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून. पण गोऱ्या साहेबांच्या चाली आईंच्या माहेरी कुणाच्या गळ्यात बसल्या नाहीत. टिळकांनी अभंगात येशू आणला तेव्हा कुठे आमचे लोक मोकळेपणी गायला लागले, असं त्या सांगतात. घरात प्लेगने माणूस गेलं त्या रात्रीही भजन चुकलं नव्हतं म्हणे. (मला नेहमी वाटतं, त्या रात्री कुणालातरी नको झालं असेलच. पण तो माणूस गोष्टीत येत नाही.)

आई म्हणाल्या, “ते पत्र आण.”

मला वाटलं वाचायला मागतायत. त्यांनी घडी उलगडली, चटईच्या मध्यावर पालथ्या हाताने सपाट केली आणि पंख्याने उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं. मग सगळ्यांना सांगितलं, अश्शूरचा राजा सन्हेरीब याचं धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीया राजाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं होतं. “त्याला वाचता येतं,” म्हणाल्या. “आपण पाठ करून सांगायची गरज नाही.”

मग कुणीच काही मागितलं नाही. कुकरची शिट्टी झाली, तरी मी उठले नाही. त्या पत्रावर निळ्या शाईचा गोल शिक्का आहे, थोडा फरफटलेला. दहा मिनिटं मी शिक्काच बघत होते. एकदा डोळे वर केले तर आईंचा हात पत्रावर होता, आणि बोटं बरोबर भाऊजींच्या नावावर. कर्जदार म्हणून त्यांचं नाव, खाली जामीनदार म्हणून ह्यांचं. दोन्ही त्यांचीच पोरं. हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. मी हिशेब मांडते तो आमचा आणि त्यांचा असा.

रविवार

उपासनेनंतर प्रार्थनेचे विषय. ‘मंडळीतील एका कुटुंबाच्या आर्थिक अडचणीसाठी’ असं वाचलं आणि चार बाया माझ्याकडे वळून बघायला लागल्या. नाव घेतलं असतं तर परवडलं असतं.

नंतर एका ताईंनी साक्ष दिली. नोकरी गेली होती, एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली, दुप्पट पगाराची मिळाली. मला आनंद आहे त्यांचा. पण साक्ष कायम शेवट लागल्यावरच देतात. मधल्या महिन्यांत ती माणसं चटईवर एकमेकांशेजारी कशी बसत होती, कोण कुणावर धुसफुसत होतं, हे कुणी सांगत नाही. स्तोत्रसंहितेत ते आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन ओवींत चारदा ‘कुठवर’ विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिवासुद्धा लावत नाही. ते कुणी साक्षीला निवडत नाही.

एक तारीख

पगाराचा मेसेज आला. साडेसहा हजार कमी. धाकटीचा क्लास या महिन्यापुरता थांबवला, तेलाचा डबा पाचऐवजी दोन लिटरचा.

दुपारी ह्यांच्या फोनवर दोन हजार आले. भाऊजींकडून. सोबत एक अक्षर नाही. हे बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मी म्हटलं, “निदान पाठवले तरी.” ते म्हणाले, “ऋण सोडायचं म्हणजे पैसे सोडायचे असतं तर मी कधीच सोडले असते. फोन का उचलत नाही तो?”

खरं सांगायचं तर इतके दिवस मला ह्यांचाच राग येत होता. रोज रात्री ती एक ओळ गिळायची, पोरांच्या देखत. मी आपली घडाघडा म्हणते सगळं. म्हणता म्हणता मनात बेरीज चालू असते: साडेसहा गुणिले बारा, शिवाय पेढ्यांचे पैसे. ते थांबतात कारण त्यांना ती ओळ ऐकू येते. मला आज दुपारपर्यंत ऐकूच आली नव्हती.

संध्याकाळी साडेसातला बसलो. आईंनी आज वाचन थोरल्याला दिलं, डोळ्यांना त्रास होतोय म्हणून. त्याने भराभर वाचलं. धाकटीने प्रार्थनेत काकाचं नाव घेतलं, ‘त्याला गाडी हळू चालवू दे’ एवढंच.

मग प्रभूची प्रार्थना. भाकरीला पाच आवाज. ऋणाच्या ओळीला आई आणि दोघं पोरं, तीनच. माझ्या गप्प होण्याने धाकटीने एक डोळा उघडून बघितलं. आईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ‘परीक्षेत आणू नको’ला आम्ही दोघं परत मिळालो.