केस वाचवायचे असतील तर आधी कॅलेंडर काढा

मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की इंदूरला पहिला आरोप होतो बोरिंगच्या पाण्यावर. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, त्यामुळे तो आरोप पटतोही. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतात, हे खरं आहे. पण केस तुटणं वेगळं आणि मुळातून सुटणं वेगळं. जाळीवरचा एक केस उचलून उजेडात धरा. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ असेल तर तो मुळापासून सुटलाय. दोन्ही टोकं नुसतीच तुटकी असतील तर पाणी, कंगवा किंवा सलूनमधलं स्ट्रेटनिंग यांच्याकडे बघा. आणि पाणी तर सगळ्या डोक्यावर सारखंच पडतं. मग कपाळाचे कोपरे मागे सरकतात, भोवऱ्याजवळ विरळ होतं आणि मानेवरचे केस मात्र जागच्या जागी राहतात, हे कसं? नळाला नर्मदेचं पाणी आलं तरी त्या कोपऱ्यांना फरक पडत नाही.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे पडतं. काही जणांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच संवेदनशील असतात. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीत रूपांतर करणारं एन्झाइम कमी होतं आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. टकलावरच्या आजच्या फिनास्टराइड या गोळीची कल्पना तिथूनच पुढे आली. ‘मामाला टक्कल म्हणून मला’ हे निम्मंच खरं. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण बाकीचे अनेक दोन्हीकडून येतात. बापाचं डोकंही बघायला हवं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की या टकलात केस नुसते गळत नाहीत, ते बारीक होत जातात. एक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढतो, मग सुमारे ३ महिने स्वस्थ राहून गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. डीएचटीच्या माऱ्यात प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो, शेवटी नुसती लव उरते. दिवसाला ५० ते १०० केस कोणाचेही जातात, म्हणून जाळीवरचे केस मोजून काही कळत नाही. त्यापेक्षा कपाळावरचा एक केस आणि मानेवरचा एक केस बोटांत धरून चोळून बघा. पुढचा रेशमासारखा बारीक आणि मागचा दोऱ्यासारखा जाड लागला, तर उत्तर हातात आलं.

एकदम मुठीने केस जात असतील तर मागचे ३ महिने आठवा. पावसाळा संपता संपता डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल, तर केस दिवाळीच्या सुमाराला किंवा त्यानंतर गळायला लागतात, कारण तापाने एकदम थांबलेले केस २-३ महिन्यांनी सुटतात. ऑपरेशन, फार मोठा ताण, महिनाभरात ८-१० किलो वजन उतरवणं यांनीही तेच होतं. हे केस बहुतेकांचे पुढच्या सहा महिन्यांत आपोआप परत येतात. त्या सहा महिन्यांत डोक्याला जे काही लावलं असेल, श्रेय त्यालाच मिळतं. बाजारातल्या कितीतरी तेलांची कीर्ती अशी तयार होते.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिचं कारणही वेगळं आणि उपचारही वेगळे. डोक्याला आग, लाली, पुळ्या किंवा चकचकीत डाग असतील तर घरी काही करत बसू नका, त्या आठवड्यातच स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, कारण व्रण पडून मूळच मेलं तर तिथे केस पुन्हा येत नाही. खाजगीत जायचं नसेल तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवता येतं. जिममध्ये कोणी ‘मसलसाठी’ इंजेक्शनं देत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने टक्कल आणखी वेगाने पडतं.

रक्ताच्या तपासण्या थोड्याच पुरतात: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडची टीएसएच आणि डॉक्टरांना वाटलं तर व्हिटॅमिन डी. बायोटिनची गोळी चालू असेल तर ती काही दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये तसं सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. चांगलं जेवणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता तशी विरळाच, त्यामुळे ती गोळी चालू ठेवावी असं मला वाटत नाही.

उपचाराच्या आधी फोटो काढा, आणि ते नीट काढा. एकच खोली, एकच ट्यूबलाइट, कोरडे आणि तेल न लावलेले केस. समोरून एक, दोन्ही कोपऱ्यांचे दोन, मान खाली घालून टाळूचा एक. टाळूचा फोटो दुसऱ्याकडून काढून घ्या. पुढच्या फोटोच्या वेळी केसांची लांबी तेवढीच हवी, म्हणजे कटिंग केल्यावर ठरावीक दिवसांनी. हे चार फोटो दर तीन महिन्यांनी. रोज आरशात बघून काहीही ठरत नाही. उजेड बदलला की डोकं बदलतं आणि त्या घबराटीत माणूस चुकीच्या ठिकाणी पैसे देऊन बसतो.

आता औषधं. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असं दिसलं, मग ते डोक्याला लावायचं झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मंजूर झालं. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं, सकाळी १ मिली आणि रात्री १ मिली. ६० मिलीची बाटली बरोबर ३० दिवस पुरते. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही निम्मंच लावताय. बहुतेकांचं चुकतं ते इथे: औषध केसांवर ओततात. ते लावायचं असतं कातडीवर. डोकं कोरडं हवं. बोटाने भांग पाडा, ड्रॉपरने त्या रेघेवर ५-६ थेंब, शेजारी दुसरा भांग, पुन्हा थेंब. बोटाने हलकेच पसरा, मालिश नको. नंतर हात साबणाने धुवा. चार तास डोकं धुवायचं नाही आणि रात्री झोपण्याच्या दोनेक तास आधी लावायचं, नाहीतर ते उशीला लागतं आणि उशीवरून गालाला, मग गालावर लव वाढते. सकाळी ते वाळल्याशिवाय हेल्मेट घालू नका. यात अल्कोहोल असतं, तेव्हा देवापुढच्या समईजवळ किंवा गॅसजवळ उभं राहून लावू नका. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचं तोंड किंवा हात तुमच्या औषध लावलेल्या डोक्याला लागू देऊ नका, बाळाच्या अंगावर केस वाढल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. मांजर असेल तर आणखी जपा. मांजराला हे औषध विषारी आहे आणि अंगावरचं चाटूनही ते त्याच्या पोटात जातं.

सुरुवातीच्या २ ते ८ आठवड्यांत केस जास्त गळतात. स्वस्थ बसलेले जुने केस नव्या केसांना वाट देऊन सुटतात, म्हणून हे होतं. बरेच लोक इथेच घाबरून बाटली टाकून देतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्रास सोसून झालेला असतो आणि फायदा पुढे असतो. फरक दिसायला ४ महिने, निकाल ठरवायला पूर्ण वर्ष. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आले तर बहुधा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा दोष असतो. मिनॉक्सिडिलच्या फोममध्ये ते नसतं, म्हणून फोम वापरून बघा. आधीपासूनच कोंडा असेल तर केटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं डोक्यावर ठेवून. मिनॉक्सिडिल बंद केलं तर मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. हे आधीच कळलेलं बरं.

मिनॉक्सिडिल केस वाढवतं, डीएचटी थांबवत नाही. ते काम फिनास्टराइडचं. १ मिलिग्रॅमची रोज एक गोळी, अमेरिकेत केसांसाठी मंजुरी १९९७ ची. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के कमी होतं. माझ्या मते केस राखण्यात हिच्या तोडीचं आपल्या हातात फारसं काही नाही, आणि म्हणूनच ती स्वतःच्या मनाने मेडिकलवरून आणायची गोळी नाही. कामेच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, वीर्य कमी होणं हे दुष्परिणाम आहेत. मूळ चाचण्यांत असा काही ना काही त्रास गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना आणि खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना झाला होता. बहुतेकांत गोळी बंद केल्यावर तो जातो, काही जणांनी तो टिकून राहिल्याचं सांगितलंय. मनावरही परिणाम होतो: २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा हिचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी चालू असताना मन खचायला लागलं तर ती थांबवून लगेच त्यांना भेटा. घरातल्या एका माणसाला तरी हे माहीत असू द्या.

आणखी तीन गोष्टी या गोळीसोबत लक्षात ठेवायच्या. रक्तदान करायचं असेल तर शेवटच्या गोळीनंतर एक महिना थांबायचं. प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर आकडा निम्मा येतो, डॉक्टरांना गोळीचं सांगितलं नाही तर धोक्याची खूण झाकली जाईल. आणि बायको गरोदर असेल तर तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी तिच्या हाताला लागू द्यायची नाही, कारण मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. स्वस्त पडते म्हणून ५ मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने चार तुकडे करून घेणाऱ्यांनी हे तिसरं विशेष बघावं. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर त्या काळात घ्यावी की नाही, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात सुयांनी टोचणं. महिन्याला एक याप्रमाणे तीन-चार वेळा. काहींना उपयोग होतो, पण रक्त किती, किती वेळ फिरवायचं, याची पद्धत प्रत्येक ठिकाणी निराळी. औषधं नीट चालू असताना जोडीला ठीक. औषधांऐवजी पहिल्याच भेटीत सहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं तर उठून यावं.

तेलाबद्दल. खोबरेल केसांच्या दांड्याला जपतं, धुताना होणारी झीज कमी करतं. बोरिंगचं पाणी वापरणाऱ्यांनी तर न्हाण्याआधी जरूर लावावं. आजीने माका नि जास्वंद उकळून केलेलं तेलही आनंदाने लावा. मात्र टाळूचं मूळ डीएचटीने आक्रसतं, त्याला तेल पोचत नाही, आणि तेलकट कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवल्याने तो वाढतो. बाटलीवर टक्कल बरं करण्याचा दावा छापलेला दिसला तर एवढं लक्षात घ्या: आपल्या देशाच्या औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’ मध्ये टक्कल आहे, आणि त्या यादीतल्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

ट्रान्सप्लांट हे शेवटचं पाऊल. त्याआधी साधा हिशेब मांडा. मानेवरचे आणि कानामागचे केस डीएचटीला दाद देत नाहीत, म्हणून तिथले काढून पुढे लावतात. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके, लावले तर डोळ्यांना भरल्यासारखं दिसतं. टक्कल १५० चौरस सेंटिमीटर असेल तर झाले ६००० ग्राफ्ट, आणि मागच्या बाजूला काढण्यासारखे सगळे मिळून बहुतेकांकडे जन्मभरात तेवढेच, बरेचदा त्याहून कमी असतात. म्हणून २२-२३ वर्षांच्या मुलाला कपाळावर खाली ओढलेली सरळ रेघ आखून देणारा डॉक्टर मला धोक्याचा वाटतो. लावलेले केस राहतात, त्यांच्या मागचे स्वतःचे जात राहतात आणि दहा वर्षांनी पुढे एक पट्टी, मागे मोकळं मैदान. रेघ दोन्ही भुवयांच्या मध्यापासून ७-८ सेंटिमीटर वर हवी. आणि लावलेल्या केसांमागचे स्वतःचे केस राखायला औषध पुढेही घ्यावं लागतंच.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या: हे काम प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं, टेक्निशियन फक्त मदतीला. तेव्हा विचारा: भूल कोण देणार, चिरा कोण पाडणार, त्या दिवशी डॉक्टर आणखी किती जणांचं करणार, ग्राफ्ट बाहेर असताना कशात ठेवणार? ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओले राहिले पाहिजेत, वाळले की मेले. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ सुजून सूज डोळ्यांवर उतरते, त्याने घाबरायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं. खपल्या दहाएक दिवसांत पडतात, नखाने काढायच्या नाहीत. तोवर हेल्मेट घालता येत नाही, म्हणजे स्कूटरही चालवायची नाही. ऑफिसला जायची सोय आधीच लावून ठेवा.

लग्न ठरल्यावर धावत येणाऱ्यांसाठी हे: लावलेले केस २ ते ८ आठवड्यांत गळून जातात, मुळं मात्र राहतात, त्यांतून नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फुटायला लागतात आणि खरं रूप वर्षाने येतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर ऑपरेशन आदल्या दिवाळीच्या सुमाराला व्हायला हवं होतं. ऑगस्टमध्ये केलं तर वरात निघताना डोकं सगळ्यात विरळ दिसेल. त्यांनी लग्न होईपर्यंत थांबावं, तोवर केराटिन फायबरची (केसांना चिकटून ते दाट दाखवणाऱ्या बारीक तंतूंची) डबी पुरते. कोरड्या केसांवर हलकेच शिंपडून वरून स्प्रे मारायचा. पूर्ण गुळगुळीत टाळूवर मात्र ते टिकत नाही, त्याला धरायला थोडे केस लागतात.

हेअर पॅचला, म्हणजे टकलावर चिकटवायच्या विगच्या तुकड्याला, दर तीन-चार आठवड्यांनी काढून, साफ करून, पुन्हा चिकटवावं लागतं. इंदूरच्या मे महिन्यात घामाने टेप सुटते आणि खाली खाज सुटते. रात्री काढता येणारा क्लिपचा पॅच त्यातल्या त्यात बरा, पण क्लिप रोज एकाच जागी लावली तर तिथले केस ओढून जातात.

आणि ज्याला हे काहीच करायचं नाही, त्याने न्हाव्याला सांगून बाजूचे केस मशीनच्या १ नंबरवर आणावेत. बाजू दाट आणि वर विरळ यातला फरक मिटला की टक्कल निम्मं दिसतं. दर दहा दिवसांनी फिरवावं लागतं. घरी करणार असाल तर आधी मशीन, मग आंघोळ. पहिले काही दिवस टाळू पांढरीफटक दिसते आणि उन्हात पटकन भाजते, म्हणून एसपीएफ ३० चं सनस्क्रीन डोक्यालाही लावा, कानांच्या वरच्या कडा विसरू नका, आणि दुपारी बाहेर पडताना गमछा बांधा.